बाभळीपासून चव्वेचाळीस पावलं

पप्पा,

तुम्ही मोजणी का केली नाहीत? तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली, आणि हा प्रश्न आपल्या घरात त्याच्याही आधीपासून आहे. याचं उत्तर मला माहीत नाही, हे सुरुवातीलाच सांगून टाकते. आई म्हणते, फी भरायला तेव्हा पैसे उरले नव्हते. चाकणचे काका म्हणायचे, दोस्तीत कसली आली मोजणी. माझं उत्तर मी तेरा वर्षांची असताना तुमच्या तोंडावर फेकलं होतं. ते खरं नव्हतं, एवढं आता नक्की कळलंय. पण मग खरं काय होतं, ते तुम्ही कधी बोलला नाहीत, आणि विचारायची अक्कल मला आली तेव्हा तुम्ही नव्हता.

आज लिहायला बसले त्याचं कारण आनंदाचं आहे. मी जमीन घेतली, पप्पा. अकरा गुंठे, तुम्ही घेतली होती तेवढीच. चाकणच्या पुढे, भामा नदी ओलांडून आत, जिथे अजून कंपन्यांचे पत्रे दिसत नाहीत आणि विहिरीला पाणी आहे. आईची कँटीनमधली वीस वर्षं, तुमच्या फंडातलं जे तिनं हात न लावता ठेवलं होतं ते, आणि माझे सहा वर्षांचे पगार, असं सगळं त्या अकरा गुंठ्यांत गेलं. आणि मोजून घेतली. आधी मोजली, मग घेतली. हे दुसरं वाक्य मला तुमच्यासमोर मोठ्यानं म्हणायचं होतं, म्हणून हा सगळा खटाटोप.

तुमच्या जमिनीचा तो दिवस मला चांगला आठवतो. मी नऊ वर्षांची आहे, तुमच्या स्कूटरवर पुढे उभी आहे, आणि कासारवाडीपासून चाकणपर्यंत तुम्ही रस्ताभर काहीतरी गुणगुणताय. एरवी तुम्ही कधी गुणगुणत नव्हता. मागच्या सीटवर चाकणचे काका, तुमच्याच शिफ्टचे, तुमच्या शेजारच्याच मशीनवरचे. त्यांची वडिलोपार्जित जमीन होती, त्यातला एक लहान गट ते तुम्हाला देत होते. आपल्या घरात त्याआधी कुणी जमीन विकत घेतली नव्हती. गावाकडच्या इनामाच्या सातबाऱ्यावर साठ नावांच्या गर्दीत आजोबांचं नाव होतं, आणि त्याचा उपयोग एवढाच झाला की तुम्हाला शेतकरी असल्याचा दाखला मिळाला. त्यामुळे कुणीतरी आपल्याला जमीन देतंय याचंच तुम्हाला एवढं अप्रूप होतं की त्या माणसाकडे तुम्ही व्यवहारातला माणूस म्हणून बघतच नव्हता. काका एका बाभळीपाशी थांबले आणि हात लांब करून म्हणाले, "ह्या बाभळीपास्नं पार त्या उंबरापत्तोर. आमच्या बापानं हितनंच औत धरलं." तुम्ही थोडे घुटमळलात. मग हळूच म्हणालात, "भाऊ, एकदा सरकारी मोजणी करून घेतली असती तर..." काका हसले. राग नव्हता त्यांच्या हसण्यात, पण म्हणाले, "का राव, आमच्यावर इस्वास न्हाई व्हय?" आणि तुम्ही घाईघाईनं दोन्ही हात हलवून म्हणालात, "नाही नाही, तसं नाही भाऊ, तसं अजिबात नाही." तेवढ्यावर मोजणी संपली.

मग तुम्ही पावलांनी मोजलीत. तुम्हाला स्वतःच्या पावलाची लांबी माहीत होती, कारण कंपनीच्या फरशीवर खडूनं रेघा मारून तुम्ही ती कधीतरी काढली होती. तेहतीस इंच. बाभळीपासून एका अंगाला चव्वेचाळीस पावलं, दुसऱ्या अंगाला छत्तीस. मी तुमच्या मागून पळत मोजत होते आणि माझा आकडा दर वेळी वेगळा यायचा. तुम्ही खिशातल्या छोट्या वहीत दोन्ही आकडे लिहिलेत आणि काकांना म्हणालात, "बरोबर अकरा आहे." काका म्हणाले, "मग! मी काय सांगत हुतो?" परत येताना तुम्ही मला उसाचा रस पाजलात आणि स्वतः प्याला नाहीत.

दोन वर्षांनी एक माणूस आपल्या दारात आला. हातात नकाशा. त्यानं शांतपणे सांगितलं की ज्या जागेवर तुम्ही शेवगा लावलाय ती त्याच्या गटात येते, तुमचा गट खाली आहे, ओढ्याकडे. ओढ्याकडे नेमका कुठे, ते त्याला माहीत नव्हतं. काकांना विचारलं तर ते बिचारे चक्रावले. "आमचा बाप दाखवायचा तेच दाखवलं राव. मला तरी कुठं ठावं?" ते खोटं बोलत नव्हते, हे तुम्हालाही दिसत होतं. तेव्हा तरी तुम्ही मोजणीचा अर्ज करायचा होता. तुमच्या नावावर सातबारा होता, हक्क होता. पण अर्ज केला असता तर लगतचे म्हणून काकांच्या घरच्यांना नोटीस गेली असती, सगळ्या गावासमोर काकांना उभं राहावं लागलं असतं. तुम्ही अर्ज केला नाहीत. तुम्ही फक्त तिकडे जायचं थांबवलंत. काकांबरोबर डबा खाणं मात्र थांबवलं नाहीत.

आता आपल्या स्वयंपाकघराबद्दल. कासारवाडीच्या त्या दोन खोल्यांत स्वयंपाकघर म्हणजे एक ओटा, एक खिडकी, आणि गाडी गेली की थरथरणारी भांड्यांची मांडणी. रविवारी तुम्ही ओट्याशेजारी बसून तुमचा व्हर्नियर, ते दोन जबड्यांचं मोजायचं हत्यार, पुसायचात. कंपनीचा नव्हे, तुमचा स्वतःचा, पिंपरीच्या बाजारातून जुना विकत घेतलेला, लाकडी पेटीतला. तुम्ही टूल रूममधले. मिलिमीटरचे भाग पाडणं हे तुमचं काम होतं. मला तुम्ही ते पोळीवर शिकवलंत. आई तव्यावरून पोळी काढायची आणि आपण तिची जाडी मोजायचो, कडेला एक, मध्ये एक. आई म्हणायची, "आता पोळी पण रिजेक्ट करा! आणि मग जेवा कंपनीत जाऊन." एकदा मी घाईनं पोळी जबड्यात धरली आणि आकडा ओरडून सांगितला, तर तुम्ही एकदम करड्या आवाजात म्हणालात, "झीरो बघितलास?" मी बघितला नव्हता. जबडा रिकामा मिटला की शून्याची रेघ शून्यावर येते का, ते आधी बघायचं असतं. जबड्यात पीठ अडकलं होतं. "मोजणारा कितीही हुशार असू दे," तुम्ही म्हणालात, "सुरुवात चुकली की पुढचं सगळं वाचन चुकतं. आधी झीरो." मला रडू आलं होतं. पोळीसाठी कुणी एवढं रागावतं का, असं वाटलं होतं.

आणि मग ती संध्याकाळ. मी तेरा वर्षांची, शाळेत भूगोलात नकाशे शिकलेली, स्वतःला फार शहाणी समजणारी. घरात पाहुणे होते, आईचे भाऊ, आणि बोलणं तुमच्या जमिनीवर आलं. मामा म्हणाले, "दाजींना फसवलं." तुम्ही म्हणालात, "फसवलं नाही." आणि मी मध्येच बोलले, "केसाची जाडी मोजता येते तुम्हाला, पण जमीन मोजून मागायची हिंमत नाही." आई माझ्यावर धावून आली. तुम्ही तिला हातानं थांबवलंत आणि मला म्हणालात, "बरोबर आहे तुझं." बस, एवढंच. त्यानंतरच्या रविवारी तुम्ही व्हर्नियरची पेटी माझ्या दप्तराशेजारी ठेवलीत. "आता हा तुझा. झीरो तेवढा बघत जा." मला वाटलं तुम्ही मला माफ केलंत. आता वाटतं, त्यात माफीचा काही संबंध नव्हता. तुम्ही मला तुमची सगळ्यात चांगली वस्तू दिलीत, इतकंच.

तुमच्या माघारी मी बी.एस्सी. झाले, आपल्या घरातली पहिली पदवी. आईनं त्याचा फोटो तुमच्या फोटोशेजारी लावलाय, दोन्ही एकाच उंचीवर. सध्या मी चाकणच्या एका कंपनीत आहे आणि माझं काम काय आहे माहितीये? दुसरे लोक ज्यानं मोजतात ती मापं तपासायची. सगळे व्हर्नियर, सगळे मायक्रोमीटर ठरलेल्या मुदतीनं माझ्या टेबलावर येतात. मी त्यांचा झीरो बघते. पगार तेवढ्याचाच मिळतो म्हणा ना.

जमीन बघायला सुरुवात केली तेव्हा मी मनाशी एकच ठरवलं होतं: मोजणी झाल्याशिवाय एक रुपया इसार द्यायचा नाही. ठरवणं सोपं होतं. जमिनीचा एजंट हसतमुख माणूस, पायात पांढरे बूट, मला आधी मॅडम म्हणायचा आणि भाव कमी करायला लागले की ताई म्हणायचा. त्यानं जागेच्या चारी कोपऱ्यांवर सिमेंटचे पोल लावून त्यांना लाल पट्टे मारले होते. मी मोजणीचं काढलं तर तो म्हणाला, "ताई, पोल दिसतायत की. आता काय उकरून बघायचंय?" मग समजावणीच्या सुरात म्हणाला, "मोजणीत महिना जाणार. तोवर दुसरं गिऱ्हाईक उचलून नेईल. आणि फीचं बघा ना, साध्या मोजणीला तीन-तीन महिने, आणि लवकर पाहिजे तर द्रुतगतीची फी चौपट. आठ हजार! आठ हजारांत गेट येईल तुमचं." आईपण त्याच्याच बाजूनं. तिचं म्हणणं गेटऐवजी टाकी. "आठ हजारांत पाण्याची टाकी येते, हजार लिटरची. कागदं तर सगळी बघितलीस तू." मी म्हणाले, "आई, पप्पांचीही कागदं सगळी बरोबर होती." त्या रात्रीच्या भाजीत मीठ पडलं नाही.

पण खरी अडचण फीची नव्हती, पप्पा. फी मी बाजूला काढून ठेवली होती. अडचण अशी, की मोजणीचा अर्ज ज्याच्या नावावर जमीन आहे त्यालाच करता येतो. म्हणजे पैसे मी भरले तरी सही विकणाऱ्याची लागते. म्हणजे विकणाऱ्याच्या घरी जाऊन, चहा घेऊन, तोंडानं मागावं लागतं. विकणाऱ्या काकू साठीच्या पुढच्या, एकट्या, मुलीकडे भोसरीला राहायला जाणार म्हणून जमीन काढलेली. मी त्यांच्याकडे तीनदा गेले. पहिल्या खेपेला त्यांनी मला भुईमुगाच्या शेंगा दिल्या, दुसऱ्या खेपेला माझी वेणी बघून "केस राखलेत गं पोरी" म्हणाल्या, आणि दोन्ही वेळा मी मोजणीचा शब्द न काढता परत आले. बसमध्ये बसल्यावर स्वतःचा इतका राग यायचा! रोज कंपनीत मोठमोठ्या इंजिनियरांना तोंडावर सांगते की तुमचं माप चुकतंय, आणि एका म्हातारीसमोर तोंड उघडत नाही. तेव्हा पहिल्यांदा मला तुमचे ते हलणारे दोन्ही हात आठवले. हिंमतीचा प्रश्नच नव्हता तो. समोरच्यानं आपल्याला घरात घेतलंय, शेंगा दिल्यात, आणि आपण विचारायचं की तुमची जमीन खरंच तुम्ही म्हणता तिथेच आहे का? ज्यांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या जमीन आहे ते विचारत असतील सहज. आपल्याला ते विचारणं उपकार विसरल्यासारखं वाटतं.

तिसऱ्या खेपेला एजंटही होता. मी कप खाली ठेवला आणि एका दमात म्हणाले, "काकू, आपण मोजणी करून घेऊ. पैसे सगळे मी भरते. फक्त अर्जावर सही तुमची लागेल." एजंट पायातल्या बुटांकडे बघत हसला. काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि तेच विचारलं, जवळजवळ शब्दाला शब्द तेच. "का गं? माझ्यावर इस्वास न्हाई व्हय?"

या वाक्याची मी एकोणीस वर्षं वाट बघत होते, असं म्हटलं तर तुम्ही हसाल. मी म्हणाले, "काकू, मी कंपनीत मापं तपासते. आमच्याकडे एक माप आहे, सगळ्यात भरवशाचं, त्याच्यावर बाकीची सगळी लावून बघतात. पेटीत मखमलीत ठेवतात त्याला. आणि तेच आम्ही आधी तपासून आणतो. विश्वास नाही म्हणून नाही. त्याच्यावर पुढचं सगळं उभं राहतं म्हणून." बाहेर कोंबडी ओरडली. काकूंनी पदरानं चष्मा पुसला आणि म्हणाल्या, "पैसं समदं तू भरणार?" मी हो म्हणाले. "मग आण की कागूद. मला बी कळू दे माझं किती हाय ते." आणि एजंटाकडे वळून, "तू का हसतुयास रं? च्या प्याला न्हाईस आजून."

मी द्रुतगतीची फी भरली. लगतच्या खातेदारांना नोटिसा गेल्या आणि महिन्याच्या आत मोजणीचा दिवस आला. मोजणीदार साहेब टोपी घातलेले, कमी बोलणारे. त्यांच्या हातात तिकाटण्यावरचं जुनं यंत्र नव्हतं, एक उंच काठी होती, डोक्यावर गोल टोपण, उपग्रहाशी बोलणारी. तुम्ही असता तर त्यांना काम करू दिलं नसतं, एवढे प्रश्न विचारले असते. त्यांनी पोलांभोवती एक चक्कर मारली आणि एजंटाला विचारलं, "हे कुणी लावले?"

"मीच, साहेब. टेपनं मोजून."

"टेप कुठून धरली?"

"ह्या बांधापासून."

"आणि बांध कुणी मोजला?"

एजंट हसला, पण या वेळी कुणीच त्याच्याबरोबर हसलं नाही. साहेब म्हणाले, "बांध काय राव, नांगराबरोबर दरवर्षी वीतभर सरकतो. दगड शोधा, जुना हद्दीचा दगड." आणि काठीवरच्या पडद्यात बघत ते बांध ओलांडून पलीकडे गेले, काकूंच्या चुलतदिराच्या कांद्यात, चिंचेच्या मोठ्या झाडाच्याही पलीकडे, आणि घाणेरीच्या एका झुडपाशी थांबले. "इथं खणा." मजुरांनी घाणेरी तोडली, माती ओढली. हातभर खाली कुदळ खणकन वाजली.

घडवलेला दगड होता, पप्पा. वर फुलीची खूण. बांधापासून बारा फूट मागे होता तो. म्हणजे काकूंची जमीन बांधाच्याही बारा फूट पलीकडे, चुलतदिराच्या कांद्यातच सुरू होत होती, आणि एजंटानं बांधापासून मोजत आणल्यामुळे त्याचे लाल पट्ट्यांचे पोल समोरच्या टोकाला बारा फूट दुसऱ्याच्या पडीक रानात उभे होते. अकरा गुंठे अकराच होते. फक्त तिथे नव्हते. मी तिथे कंपाउंड घातलं असतं, आंबे लावले असते, आणि दोन-तीन वर्षांनी एक माणूस हातात नकाशा घेऊन आला असता.

काकूंच्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. त्या दगडापासून चिंचेपर्यंत चालत गेल्या, चिंचेपासून परत दगडापर्यंत आल्या, आणि कमरेवर हात ठेवून चुलतदिराला म्हणाल्या, "भावजी, चिच कुणाची?" भावजींनी दगडाकडे बघितलं, साहेबांकडे बघितलं, टोपी काढून डोकं खाजवलं. "आता दगूडच निघाला म्हनल्यावर... तुमची, वैनी." काकू इतक्या मोठ्यानं हसल्या की मजूर थांबून बघायला लागले. "पंधरा वरसं झोडून न्हेली रं माझी चिच! आणि मी हिकडं दुकानातनं इकत आणतीया!" भावजीही हसले, आणि साहेबांच्या कागदावर सही केली. मी फक्कीची पांढरी रेघ पडताना बघत होते. आई शेजारी चप्पल काढून उभी होती, कधी काढली कुणास ठाऊक. रेघ पूर्ण झाली तशी ती त्या जुन्या दगडापाशी जाऊन टेकली आणि मला म्हणाली, "टाकी नंतर घेऊ."

जाताना काकूंनी माझा हात धरला. "मला ठावं हुतं गं, बांध सरकतुय," त्या हळूच म्हणाल्या. "पर घरातलं मानूस. मी तोंडानं मोजणी मागितली आसती तर पिढ्यांचं वाकडं आलं आसतं. तू परकी, तू मागितलीस, ब्येस झालं. कुणीतरी मागायलाच पायजे हुतं." आणि पुढे, "झाड आता तुझं. पर पयली चिच मला भोसरीला आणून द्यायाची."

पंधरा दिवसांनी खरेदीखत झालं, नव्या नकाशासकट. आईचं आणि माझं, दोघींचं नाव लागलं. अंगठ्याचा ठसा घेणाऱ्या बाबूनं विचारलं, "शिक्षण?" मी सांगायच्या आत आई म्हणाली, "बी.एस्सी. लिहा." कुठल्याच रकान्यात शिक्षण लिहायचं नव्हतं, त्यानं सहज विचारलं होतं. पण ती तिथून निघेपर्यंत ताठ उभी होती.

त्या रात्री मी तुमची छोटी वही काढली. काकूंचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं, कुणीतरी मागायलाच पाहिजे होतं. चाकणच्या काकांनाही तेव्हा आतून वाटलं असेल का, की राव, हा मागेल तर बरं, आपल्यालाही कळेल बापानं काय ठेवलंय? माहीत नाही. वहीत तुमचे दोन आकडे होते, चव्वेचाळीस आणि छत्तीस. मी गुणाकार केला, तेहतीस इंचाच्या पावलानं. एकशे एकवीस फूट गुणिले नव्याण्णव फूट. बरोबर अकरा गुंठे येतात, पप्पा. अर्ध्या फुटाचाही फरक नाही. उंचसखल रानात, काट्याकुट्यांतून, मागे बडबडणारी पोरगी असताना तुम्ही पावलांनी अकरा गुंठे बिनचूक मोजले होते. तुमचं माप कधीच चुकलं नव्हतं. चुकली होती ती बाभूळ. जगात सगळ्या गोष्टींचा झीरो बघणाऱ्या माणसानं एका मित्राचा झीरो बघायचं नाकारलं. याला मी हिंमत नाही म्हणाले होते. पाहुण्यांसमोर.

तुमच्या त्या अकरा गुंठ्यांच्या सातबाऱ्यावर आता आमची नावं आहेत, हे मला परवा कळलं. तुम्ही गेलात त्याच वर्षी आईनं एकटीनं तालुक्याला खेपा घालून वारसनोंद करून घेतली होती आणि आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. मी विचारलं, "जमीन कुठे आहे ते माहीत नसताना?" ती म्हणाली, "कुठेतरी असेलच की. जमीन काय उडून जाते?"

हे पत्र कुठे टाकायचं नाही. घडी घालून व्हर्नियरच्या पेटीत ठेवणार आहे, त्याच्या खालच्या कप्प्यात, जिथे तुम्ही पुसायचं फडकं ठेवायचात. फडकं अजून आहे.

काल जेवणाच्या सुट्टीत मी तुमच्या जमिनीच्या मोजणीचा अर्ज केला. आईची सही, माझी सही, फी भरली, पावती आली. लगतच्यांना नोटिसा जातील, काका आता नाहीत, त्यांच्या मुलाला जाईल, त्याला मी आधीच फोन करून सांगितलंय. तो म्हणाला, "ताई, बरं केलंत. आम्हाला पण कळेल." आणि हो, एक सांगायचं राहिलं. चौपट फी भरायला पैसे होते माझ्याकडे, तरी या वेळी साधी मोजणीच भरली. आईला म्हणाले, एवढी वर्षं थांबलो, अजून तीन महिने काय. खरं म्हणजे ओढ्याच्या त्या काठावर दगड कुठे निघतो, ते बघायचा धीर एका महिन्यात येईल असं मला वाटलं नाही.